भिंत फोडून एसी चालतो, रॅम्प मात्र खुपतो

शंभर-दीडशे वर्षांच्या दगडी भिंतीला भोकं पाडून एसीचे पाइप काढलेले चालतात. कोरीव खांबाला सीसीटीव्ही ठोकलेला चालतो. मूळ दारासमोर मेटल डिटेक्टरची चौकट, आत कॅफे, छतातून लोंबणाऱ्या वायरी, सगळं सगळं चालतं. दारात रॅम्प हवा म्हटलं, की एकजात सगळ्यांना इतिहासाचा पुळका येतो. "अहो मॅडम, हेरिटेज आहे ना!"

हो, कळलं. मला जुन्या इमारतींचं वेड आहे म्हणूनच तर व्हीलचेअर घेऊन तुमच्या दारात तडमडते.

चीड येते ती नूतनीकरणाच्या वेळची. सगळी इमारत उघडी पडलेली असते, फरशी उखडलेली, परांची बांधलेली, निधी आलेला. करायचं तर याहून सोपी वेळ कुठली? पण नाही, "ते पुढच्या टप्प्यात बघू." पुढचा टप्पा म्हणजे दर्शनी भागावरचे रंगीत दिवे!

आणि केलाच रॅम्प, तर कसला? साधा हिशोब आहे, एकास बाराचा उतार. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांबी लागते. जोतं ९० सेंटिमीटर उंच असेल तर १०.८ मीटर, शिवाय मध्ये दम खायला सपाट जागा. कोरीव दर्शनी भागासमोर एवढं धूड बसवणं कठीण आहे, मान्य. मग बाजूचं दार बघा, छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट बसवा, अंगणाची फरशी हळूहळू चढवत उंबरठ्याला मिळवा. आर्किटेक्ट कशासाठी नेमलाय? त्याऐवजी गुळगुळीत ग्रॅनाइटची उभी घसरगुंडी करतात आणि कागदावर बरोबरची खूण. तिच्यावरून वर ढकलायला दोन माणसं लागतात. खाली येताना देवाचं नाव.

नाहीतर मागचं दार. कचऱ्याच्या डब्यांशेजारून, बेल वाजवून, किल्लीवाला जेवायला गेलेला. तुम्ही कमानीखाली फोटो काढता तेव्हा मी तिकडे उन्हात बसलेली असते, तिकीट तेवढंच देऊन.

"आम्ही चौघं उचलतो ना तुम्हाला!" हे तर डोक्यातच जातं. बॅटरीवरची खुर्ची माझ्यासकट दीडशे किलोंच्या घरात जाते. आणि उचलताना कोण कुठे हात घालतो, ते मला विचारा. मी सामान नाहीये.

बरं, कायदा काय म्हणतो? अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६च्या संयुक्त राष्ट्र करारात स्मारकं पाहण्याचा हक्क आहे, पण 'शक्य तितका'. झालं, तेवढेच दोन शब्द सगळ्यांना तोंडपाठ! अमेरिकेच्या १९९०च्या अपंगांविषयीच्या कायद्यातही ऐतिहासिक वास्तूंना सवलत आहे. पण ती बदलांमुळे वास्तूचं ऐतिहासिक महत्त्वच धोक्यात येत असेल तेव्हा. सगळे पर्याय तपासून शेवटी टेकायची जागा ती. आपले लोक फाइलच्या पहिल्या पानावर तीच लिहून मोकळे होतात. संवर्धनवाल्यांचा १९६४चा व्हेनिस जाहीरनामा तर सांगतो, की वास्तू समाजाच्या उपयोगात राहिली तर तिचं जतन सोपं होतं. मांडणी आणि सजावट बदलू नका, असंही तो बजावतो. बरोबरच आहे. पण स्क्रूवर बसवलेला, उद्या काढून नेता येणारा रॅम्प कुठली मांडणी बदलतो? एसीसाठी पाडलेलं भोक काढून नेता येतं का?

अथेन्सच्या अक्रोपोलिसवर, म्हणजे कड्यावरच्या त्या प्राचीन मंदिरांच्या गडावर, २००४च्या पॅरालिम्पिकच्या वेळी लिफ्ट आली, २०२०मध्ये नवी बसवली. वरच्या काँक्रीटच्या वाटांवरून वाद पेटला. तो व्हायलाच हवा होता, काँक्रीट ओतणं ही काही गंमत नाही. लिफ्टमुळे तिथलं पार्थेनॉन मंदिर मात्र कोसळलं नाही. त्या कड्यावर जमतं, आणि तुमच्या तीन पायऱ्यांपुढे अख्खं संवर्धनशास्त्र हात टेकतं?

न दिसणाऱ्यांचं, न ऐकू येणाऱ्यांचं तर नावच नाही. एक ब्रेल पाटी लावतात, तीही काचेच्या आत!

एवढं करून कधी आत पोचलेच, तर टॉयलेट. दारावर व्हीलचेअरचं चित्र, झोकात. आत बादल्या, झाडू, रंगाचे डबे आणि उद्घाटनाचा गुंडाळलेला बॅनर. विचारलं तर म्हणे, "कुणी वापरतच नाही हो ते."