तारीख दिली होती ना?

ग्रुपवर परवा कुणीतरी २००९च्या त्या 'रॉ'ची, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या दर आठवड्याच्या टीव्ही शोची, क्लिप टाकली आणि म्हापशापासून काणकोणपर्यंतचे सगळे जुने डब्ल्यूडब्ल्यूईवाले जागे झाले. एक पार्टी म्हणते कंपनीचा तेव्हाचा मालक विन्स मॅकमॅहन शंभर टक्के बरोबर. दुसरी म्हणते, बास्केटबॉलची एवढी मोठी मॅच सोडून लुटुपुटुच्या कुस्तीला कोण हॉल देईल? मी तिथे चार ओळी टाकल्या, पण समाधान झालं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो. टेन स्पोर्ट्स चॅनलवर ही कुस्ती बघायचा जमाना ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी प्रकरण काय ते.

अमेरिकेत डेन्व्हर शहरात पेप्सी सेंटर नावाचा मोठा इनडोअर अरेना आहे, आता त्याला बॉल अरेना म्हणतात. डब्ल्यूडब्ल्यूईने ऑगस्ट २००८मध्येच तिथली २५ मे २००९ ही तारीख 'रॉ'साठी घेऊन ठेवली होती. तिकिटं विकली जात होती. तेवढ्यात डेन्व्हर नगेट्स हा तिथला एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) संघ १९८५ नंतर पहिल्यांदाच वेस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाच्या, फायनलमध्ये पोचला. समोर कोबी ब्रायंटचे लेकर्स, आणि मालिकेतली चौथी मॅच नेमकी त्याच सोमवारी रात्री, त्याच हॉलमध्ये. हॉलचा मालक स्टॅन क्रोएंके. नगेट्सचा मालकही स्टॅन क्रोएंके. पुढे काय झालं ते सांगायला ज्योतिषी नको. लेकर्स डेन्व्हरला खेळायला गेल्यामुळे लॉस एंजेलिसचं त्यांचं स्टेपल्स सेंटर त्या रात्री मोकळं होतं. मॅकमॅहनने आपलं बिऱ्हाड उचललं आणि थेट तिथे नेऊन मांडलं.

आता माझं म्हणणं. मॅच तिथेच व्हायला हवी होती, यात मला शंका नाही. प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांची, तारीख लीग आणि टीव्हीवाले ठरवतात, आधीची फेरी संपल्याशिवाय ती कळतही नाही. आणि घरची मॅच दुसऱ्या गावात नेऊन खेळ म्हणणं हा त्या संघावर अन्यायच. कुस्तीच्या शोचं तसं नाही, तो दर आठवड्याला ट्रकात बसून नव्या शहरात जातो. तेव्हा हलायचं कुणी, यावर भांडण्यात अर्थ नाही. भांडण आहे ते तारीख देणाऱ्याशी.

ऑगस्ट २००८मध्ये क्रोएंकेच्या माणसांच्या डोक्यात काय असेल याचा अंदाज कठीण नाही. २००४ ते २००८, सलग पाच वर्षं नगेट्स पहिल्याच फेरीत गारद. २००८मध्ये तर याच लेकर्सनी त्यांना ४-० असं धुतलं होतं. त्यात ॲलन आयव्हर्सनला देऊन चॉन्सी बिलप्सला आणण्याचा सौदा झाला नोव्हेंबरमध्ये, म्हणजे बुकिंगनंतर. बिलप्स डेन्व्हरचाच पोरगा, त्याने येऊन संघाचा नूरच बदलला. म्हणजे तारीख देताना हिशेब सरळ होता: आपला संघ मे महिन्याच्या अखेरीस घरी बसलेला असणार, हॉल रिकामा का ठेवा? स्वतःच्या संघावर मालकाचाच एवढा विश्वास! नगेट्सच्या चाहत्यांनी खरं तर मॅकमॅहनवर नाही, या गोष्टीवर चिडायला हवं होतं. तारीख द्यायची होती तर खुशाल द्यायची, पण 'आमचा संघ पुढे गेला तर तुम्हाला सरकावं लागेल, आणि त्याची भरपाई इतकी' हे त्याच दिवशी कागदावर यायला हवं होतं.

कुणी म्हणेल असं कुठे असतं का? असतं की. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत दर फेब्रुवारीला रोडिओ (घोडे-बैलांवर स्वार होण्याच्या खेळांचा मेळा) भरतो, तेव्हा तिथला स्पर्स हा एनबीए संघ मुकाट्याने आपला अरेना सोडून बाहेरगावच्या मॅच खेळायला जातो. शिकागोचे बुल्स कित्येक वर्षं दर नोव्हेंबरला सर्कससाठी युनायटेड सेंटर रिकामं करून द्यायचे. चक्क सर्कससाठी, आणि तेही मायकल जॉर्डनचा संघ! ठरलेलं असलं की कुणाचाच मान जात नाही. लीगमधल्या मॅच आणि प्लेऑफ यांत फरक आहे, मान्य. पण मग प्लेऑफच्या दिवसांतल्या तारखा राखून ठेवा, विकू नका.

आपल्याकडे गोव्यात फातोर्ड्याचंच बघा. स्टेडियम फुटबॉलचं म्हणून आपण छाती फुगवतो, पण २०१०पर्यंत भारताच्या वनडे तिथेच ठरायच्या. (शेवटची, ऑस्ट्रेलियाविरुद्धची, पावसाने खाल्ली. फुटबॉलवाल्यांचे तळतळाट लागले असं आमच्या मडगावच्या मित्रांचं मत.) एक जागा अनेकांना लागते तेव्हा कुणीतरी थांबणारच. त्याला ते आधी सांगावं, एवढंच.

आता त्या 'लुटुपुटुच्या' मुद्द्याकडे येतो, कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त लाइक त्यालाच. कुस्तीचा निकाल आधी ठरलेला, म्हणून तिच्या तारखेला किंमत कमी? हे गोव्यातल्या माणसाने म्हणावं? आपल्या गावांत जत्रा-उत्सव नाटकाशिवाय होत नाहीत. पेडणे-डिचोलीकडे दशावतारी कंपनी रात्री उशिरा उभी राहते आणि पहाटेपर्यंत लोक हलत नाहीत. शेवटी राक्षस मरणार हे पहिल्या रांगेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून कंपनीला दिलेली रात्र कुणी आयत्या वेळी काढून घेतो का? उद्या ती कंपनी दुसऱ्या गावात असते, परवा तिसऱ्या. एक रात्र हलवली की सगळा हंगाम विस्कटतो.

आमच्या नाट्यमंडळाची तारीखही एका सभागृहाने ऐन वेळी काढून घेतली होती. कारण काय, तर कुठल्याशा खात्याचा सोहळा. अनामत रक्कम परत मिळाली, ते काही बुडवत नाहीत. पण मुंबईहून रजा टाकून आलेला आमचा नायक, वाटून झालेल्या प्रवेशिका, सहा वाजता कामावरून सुटून केलेल्या तालमी, हे कोण परत देणार? सभागृहाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "तुमचं काय, नाटकच आहे ना, पुढच्या महिन्यात करा." तेव्हापासून हा युक्तिवाद माझ्यासमोर कुणी केला की माझं डोकं फिरतं. ग्रुपवर ज्याच्यावर मी जरा जास्तच बरसलो, त्या भावाने हे समजून घ्यावं.

पण म्हणून मॅकमॅहनची आरती ओवाळायला मी तयार नाही. 'मास्टरस्ट्रोक' म्हणून जी क्लिप फिरते आहे ती नीट बघा. लॉस एंजेलिसला जाऊन त्याने क्रोएंकेचा तोतया उभा करून त्याची टर उडवली, इथपर्यंत ठीक. मुख्य लढत पाच विरुद्ध पाच. जॉन सीना, बटिस्टा वगैरे नायकमंडळींच्या अंगावर लेकर्सच्या जर्सी. रँडी ऑर्टन आणि त्याच्या खलनायकांच्या अंगावर नगेट्सच्या. (मिस्टर केनेडी याच लढतीत परतला आणि २९ मेला कंपनीने त्याला काढून टाकलं. पण ते वेगळं प्रकरण.) आता डेन्व्हरमध्ये ज्याने महिनोनमहिने आधी तिकीट काढलं होतं त्या पोराच्या जागी स्वतःला ठेवा. त्याचा शो गेला. वर त्याच्या लाडक्या कंपनीने त्याच्याच गावाची जर्सी खलनायकांना घालून लेकर्सच्या घरात शिव्या खायला उभी केली. त्याने कुणाचं काय बिघडवलं होतं? भांडण मालकाशी, मार गावाला. त्याच रात्री नगेट्सनी १२०-१०१ अशी मॅच मारली, तेवढाच त्याला दिलासा. पुढे मालिका ४-२ने गेलीच.

आणि आपल्या आर्सेनलवाल्यांसाठी, म्हणजे त्या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांसाठी, एक खास माहिती, कारण त्यांतले अर्धे ग्रुपवर मॅकमॅहनच्या बाजूने भांडत होते. हा क्रोएंके म्हणजे तुमचाच क्रोएंके. २०११पासून क्लब त्याच्या ताब्यात, २०१८पासून पूर्ण मालकी. ज्याच्या नावाने तुम्ही वर्षानुवर्षं 'चालता हो' म्हणून ओरडलात तोच. लॉस एंजेलिसजवळ इंगलवूडमध्ये त्याने सोफाय स्टेडियम बांधलं, आणि एप्रिल २०२३मध्ये तिथे सलग दोन रात्री कुठला कार्यक्रम झाला? रेसलमेनिया ३९. २००९मध्ये ज्याचा तोतया नाचवला त्याच्याच स्टेडियममध्ये कंपनीने आपला सगळ्यात मोठा शो केला. त्यांची दिलजमाई होऊन जमाना लोटला, आणि आपण इकडे रात्री दीड वाजता एकमेकांना ग्रुपमधून काढतोय.

ज्या दोघांना काढलंय त्यांना ॲडमिनने आज परत घ्यावं. आणि ज्याला अजूनही मॅकमॅहन साव वाटतो त्याने खाली कमेंटमध्ये एवढंच सांगावं: नगेट्सची जर्सी ऑर्टनलाच का घातली? सीनाला का नाही?