चालतंय ना, मग कला कसली?

आज नाशिकला एका साखरपुड्यात काकांनी पाहुण्यांना आमची ओळख करून दिली. ही कथक करते, हा तबला वाजवतो, सगळी कलाकार मंडळी हो आमच्याकडे, आणि हा... हा आयटीत असतो. म्हणजे प्रोग्राम लिहिणं ही कला नाहीच, नुसती हमाली. मी बासुंदीची वाटी धरून हसलो. डोकं अजून सणकतंय म्हणून लिहितोय.

पहिल्या नोकरीत मराठी बिलं छापायचं काम होतं. नावाला जागा ठरावीक, लांब नाव कापायचं. आता क्षीरसागर म्हणजे आपल्याला पाच अक्षरं, कॉम्प्युटरला नऊ, कारण तो क, हलन्त, ष, वेलांटी सगळं सुटं मोजतो. मग काय, कुणाच्या शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेला, कुणाची वेलांटी गायब. मी प्रोग्राममध्ये एकेका जोडाक्षरासाठी वेगळा इफ, म्हणजे 'असं असेल तर असं कर' ही अट, टाकत टाकत १८० ओळींवर गेलो. आणि चालत होतं! आमच्या मॅडमनी प्रिंट काढली, लाल पेन घेऊन वाचली, म्हणाल्या, "चालतंय रे, पण वाचवत नाही." सगळ्यावर काट मारली आणि कागदाच्या पाठीवर ११ ओळी लिहिल्या. जिथे कापायचं तिथून मागे मागे ये, अक्षराची हद्द लागली की काप. बस. एकाही जोडाक्षराचं नाव नाही त्यात. मी बघतच राहिलो, चहा गार.

ही हमाली?

डोनाल्ड कनूथ या मोठ्या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ साली ट्युरिंग पुरस्काराचं, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांच्या नोबेलचं, भाषणच 'प्रोग्रामिंग ही कला' यावर दिलं होतं. ते सोडा, आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा घ्या, त्यात पुढे दुरुस्ती होऊन प्रोग्राम साहित्यकृतीत धरलाय, कथा-कवितेच्या पंगतीला! सरकारला कळलं, आमच्या काकांना नाही.

हो, मान्य, ऑफिसातलं बरंचसं काम इकडून उचल तिकडे चिकटव असंच असतं, मीही तेच करतो. पण तबल्याच्या क्लासला जाणारे सगळे उस्ताद असतात का?

जाऊ दे. काकांचा तरी काय दोष, कथकला टाळ्या वाजवता येतात, मॅडमच्या त्या ११ ओळी दिसणार कुणाला? बिल हातात पडलं तेव्हा कुणा क्षीरसागरांनी आपल्या क्ष कडे बघितलंही नसेल. बिघडला असता तर मात्र फोन आला असता.

तो कागद अजून आहे माझ्याकडे, लाल शाई पार गुलाबी झालीय. काका, तुम्ही हे वाचणार माहितीये मला. रविवारी या, दाखवतो. थोडा वेळ काढून या पण, अक्षर मॅडमचं डॉक्टरसारखं आहे.