‘नियम एका ओळीचा, लेख एवढा मोठा कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या दोन तक्रारी आहेत. पहिली, ‘अपूर्णांकाचा घात काढताना घातांक अंशालाही द्यायचा आणि छेदालाही, नियम एवढाच, त्यासाठी इतकं पाल्हाळ कशाला?’ दुसरी, ‘अपूर्णांकाचा वर्ग केला की तो लहान होतो’ हे माझं वाक्य चूक आहे.

दुसरी आधी घेतो, कारण ती शंभर टक्के बरोबर आहे. ३/२ चा वर्ग ९/४, म्हणजे संख्या वाढलीच. ‘० आणि १ यांच्या मधला अपूर्णांक’ असं म्हणायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. अशी ढिली वाक्यं मुलांच्या डोक्यात घर करून राहतात, म्हणून तुमचे मनापासून आभार.

पहिली मात्र मला पटत नाही. २/३ चा घन विचारला की काही मुलं ६/९ लिहितात. नियम त्यांनी पाळलेलाच असतो! ३ अंशालाही दिला, छेदालाही दिला. फक्त ‘दिला’ म्हणजे त्यांनी ३ ने गुणलं. आता ६/९ ला संक्षिप्त रूप द्या, पुन्हा २/३. एवढी आकडेमोड करून मूल निघालं तिथेच परत येतं, आणि त्याला ते कळतही नाही. तेच २/३ × २/३ × २/३ असं एकदा स्वतःच्या हाताने मांडलं, की वर तीन वेळा २, खाली तीन वेळा ३, आणि ८/२७ समोर दिसतं. कंस विसरला तर घातांक फक्त अंशाला लागतो आणि २/३ च्या वर्गाचं ४/३ होतं, तेही या मांडणीत लगेच पकडता येतं.

आणि दीडचं काय? १ चा वर्ग १, १/२ चा वर्ग १/४, म्हणून दीडचा वर्ग सव्वा, असं उत्तर मी वहीत पाहिलंय. दीड एकक बाजूचा चौरस काढून बघा. आत १ चा एक चौरस, त्याच्या उजवीकडे अर्ध्याची एक पट्टी, वर अर्ध्याची दुसरी, आणि कोपऱ्यात पाव. मिळून सव्वादोन. सव्वा म्हणणाऱ्याच्या हातून त्या दोन पट्ट्या निसटल्या. आधी ३/२ असा अंशाधिक अपूर्णांक केला तर तुमच्याच नियमाने ९/४ येतं, म्हणजे तेच सव्वादोन. पण ‘आधी’ का, ते त्या पट्ट्या बघितल्यावरच पटतं. हे चित्र लेखात नव्हतं, आता टाकतो.