त्याला म्हणावं, हजार विड्या वळून दाखव

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. पोस्ट लांब होईल, तरी वाचा.

आज एका सरकारी कचेरीत गेले होते. कुठल्या ते लिहीत नाही, बेळगावात राहणाऱ्या कुणालाही अशी एखादी खिडकी डोळ्यांसमोर येईलच. माझ्या पुढे तिघं आणि खिडकीशी एक आजी. खानापूरकडची, काष्ट्याचं लुगडं, हातात नायलॉनची पिशवी. तीन महिने पेन्शन जमा झालेली नाही. आतला माणूस कन्नडमधून भराभर विचारत होता, आधार बँकेला जोडलंय का, मोबाईल नंबर कुणाचा दिलाय, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो. आजी नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने फॉर्म परत सरकवला आणि शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाला, "इवरिगे एनू गोत्तागल्ल." यांना काही कळत नाही.

हे आपण जन्मभर ऐकलंय. पण माझ्या मागे उभा असलेला पोरगा, आपलाच, गाडीच्या किल्लीला शिवमुद्रा लावलेला, तो हसला. म्हणाला, "अडाणी असतात ओ हे खेड्यातले, उगाच लाईन अडवतात." माझं डोकं फिरलं ते इथे.

माझी आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक नखाने आत दुमडायचं, दोरा. हे सगळं माझ्याकडे बघत, बोलत चाललेलं असायचं. जुडी बांधायला मुठीत विड्या उचलल्या की बरोबर पंचवीस निघायच्या. मी कितीदा तरी मोजून बघितल्यात. पंचवीसच.

मी सात-आठ वर्षांची असताना रेशन कार्डात माझं नाव घालायला ती मला घेऊन चिकोडीला गेली. एक दिवसाची मजुरी बुडवून. खिडकीतल्या माणसाने कन्नडमधून चार प्रश्न विचारले, तिला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मग तो मराठीत म्हणाला, "बाई, तुला काहीच कसं माहीत नाही गं?" आई खाली मान घालून उभी राहिली. परतीच्या एसटीत निम्मा रस्ता गप्प होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्येला म्हनावं, हज्जार इड्या वळून दाव."

पुढे धारवाडला मानसशास्त्रात एम.ए. करताना एक प्रयोग वाचला आणि लायब्ररीत बसल्या बसल्या मला रडू आलं. 1977 साली छापलेला, अमेरिकेत स्टॅनफर्डला केलेला. ली रॉस, टेरेसा अमाबिले आणि ज्युलिया स्टाइनमेट्झ यांचा. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एकाने प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने उत्तरं द्यायची. कुणी काय करायचं हे सगळ्यांच्या देखत, निव्वळ नशिबावर ठरलं. प्रश्न विचारणाऱ्याला सांगितलं, तुला जे ठाऊक आहे त्यातलेच 10 अवघड प्रश्न काढ. साहजिकच समोरच्याला सरासरी चारच्या आसपास उत्तरं आली. नंतर दोघांना विचारलं, सामान्य ज्ञान कुणाचं जास्त? उत्तर देणारे म्हणाले, प्रश्न विचारणाऱ्याचं. बाजूला बसून बघणारेही तेच म्हणाले. खुर्च्या नशिबाने मिळाल्यात हे माहीत असूनही! प्रश्न विचारणाऱ्यांनी स्वतःला काही फार हुशार मानलं नाही. स्वतःला कमी लेखलं ते उत्तर देणाऱ्यांनीच.

परिस्थितीमुळे जे घडतं ते आपण माणसाच्या स्वभावावर, अकलेवर ढकलतो. ली रॉसनेच याला नाव दिलं, फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर. माझ्या आईला ते निपाणीच्या एसटीत कळलं होतं. तो त्याच्या खिशातले प्रश्न विचारत होता. तिच्या सुपातला एक प्रश्न त्याला कुणी विचारला नाही.

आणि खिडकीच्या या बाजूला उभे राहणारे सगळे माझ्या आईसारखे नसतात. बहुतेक जण खरंच मानतात की आपल्याला अक्कल नाही. माझी मावशी मानायची. बँकेची स्लिप भरायला दुसऱ्याकडे देताना दरवेळी आधी म्हणायची, "मी अडाणी हाय बाबा." चार पोरं एकटीने वाढवलेली बाई. मला ते ऐकवत नसे.

कुणी म्हणेल, कर्नाटकात राहायचं तर कन्नड यायला नको का? यायला हवं, मान्य. मला येतं. पण 1956 पासून चाललेल्या या भांडणात आजीचा काय दोष? तिच्या शिवारातून कुणीतरी नकाशावर रेघ ओढली, तिला विचारून नाही. आणि कुणी म्हणेल हे प्रयोग तिकडच्या कॉलेजच्या पोरांवरचे, आपल्याला कशाला लावतेस. तेही थोडं खरं आहे. जोन मिलर नावाच्या संशोधिकेने 1984 साली अमेरिकन लोकांची आणि आपल्याच राज्यातल्या म्हैसूरच्या लोकांची तुलना छापली. एखादा माणूस असं का वागला, याचं कारण सांगताना अमेरिकन मोठी माणसं त्याच्या स्वभावाकडे जास्त बोट दाखवायची, म्हैसूरची मोठी माणसं त्याच्या परिस्थितीकडे, नात्यागोत्याकडे. लहान मुलांत हा फरक जवळजवळ नव्हता, वय वाढेल तसा वाढत गेला.

म्हणजे समोरच्याची परिस्थिती बघणं आपण मोठे होता होता शिकतो. आपल्या घरात बघा ना. भाचा नापास झाला की आपण म्हणतो, बिचाऱ्याला त्या वर्षी कावीळ झाली होती. दिराने दारू धरली तर म्हणतो, धंद्यात फसला हो. इतकी समज आहे आपल्याला! मग ती रांगेत उभं राहिल्यावर कुठे जाते? त्या पोराची स्वतःची आजी खिडकीशी असती तर तो हसला असता?

इथपर्यंत लिहून उठले, चहा केला. आता थोडी शांत झालेय, म्हणून पुढचंही लिहिते. नाहीतर लबाडी होईल.

त्या खिडकीतल्या माणसाला मी सकाळपासून मनातल्या मनात माजोरडा म्हणतेय. पण रांग दारापर्यंत गेली होती, खिडकी एकच उघडी होती आणि जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. 1973 साली डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनला पाद्री व्हायला शिकणाऱ्या 40 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका इमारतीतून दुसरीकडे भाषणाला पाठवलं. काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले 63 टक्के थांबले. ज्यांना "उशीर झालाय, पळ" म्हणून सांगितलं होतं, त्यांच्यातले 10 टक्के. भाषणाचा विषय कुठला होता याने फारसा फरक पडला नाही.

मलाही घाई होती. वीस मिनिटं मी घड्याळ बघत उभी होते. आजीला प्रश्न कळत नाहीयेत हे मला पहिल्या मिनिटाला दिसलं होतं. मला कन्नड येतं. दोन पावलं पुढे होऊन मी सांगू शकले असते. नंबर जाईल म्हणून हलले नाही. आईचा तो एसटीतला चेहरा मी इतकी वर्षं घेऊन फिरतेय, विद्यार्थ्यांना सांगतेय, आणि आज ऐनवेळी जागची हलले नाही.

काम उरकून बाहेर आले तर आजी पायरीवर बसलेली. पिशवीतले कागद मांडीवर काढून एकेक परत बांधत होती. प्रत्येक कागदाला वेगळा दोरा. आधारला तांबडा, पासबुकाला हिरवा, रेशन कार्डाला पांढरा. मी विचारलं तर म्हणाली, वाचता येत नाही, म्हणून दहा वर्षांपूर्वी तिनेच ही खूण लावलीय. एकदाही चुकलेलं नाही. जांबोटीच्या पहिल्या बसने आली होती. आणि ओटीपी? तो येतो पुण्याला, नातवाच्या फोनवर. दुपारच्या सुट्टीशिवाय त्याला फोन उचलता येत नाही. हे सगळं तिला नीट माहीत होतं. "ओटीपी" एवढा एक शब्द माहीत नव्हता, ती त्याला "नातवाचा नंबर" म्हणते.

मी तिला कन्नडमधले प्रश्न एकेक करून सांगितले. सगळ्यांची उत्तरं तिने दिली. मग पिशवीचं तोंड आवळत माझ्याकडे बघून विचारलं, "तुला कन्नड येतंय न्हवं बाई? मग मगाशी गप का हुतीस?"

मला काही बोलता आलं नाही.

ती आज शहापुरात भाचीकडे राहिलीय. उद्या साडेदहाला आम्ही दोघी त्या खिडकीवर जाणार आहोत. नातवाला मी आत्ताच फोन करून ठेवलाय.