कुलगुरूंचे मनोगत कसे लिहावे

अभिनंदन. विद्यापीठाच्या कार्यकारी लेखन व संपादन कक्षाचे प्रमुख झालात. घरी विचारतील, म्हणजे नक्की काय करायचं? सांगा, साहेब जे बोलतात ते आपण लिहितो. मग साहेब काय करतात, असं आई विचारेल. तेव्हा नेरूळ गाडीची वेळ झाली म्हणून उठायचं.

या खुर्चीत मी ९ वर्षं काढली. रोज ठाण्याच्या १० नंबरवरून ट्रान्स-हार्बर पकडायची आणि रबाळे-घणसोली जाईपर्यंत मोबाइलवर साहेबांच्या नावाने कुणाला तरी शुभेच्छा द्यायच्या. गेल्या आठवड्यात आमची स्मरणिका छापून आली. ती पाहिल्यावर वाटलं, आपलं ज्ञान पुढच्या पिढीला देऊन टाकावं.

पहिली गोष्ट, साहेबांना भेटायचं नाही. भेटलात तर ते खरोखर काय विचार करतात ते कळेल, आणि तेच लिहावंसं वाटेल. आदेश पीएकडून येतो. ‘दोन पानं. काहीतरी चांगलं.’ विषय? ‘नेहमीचाच.’ अंतिम मुदत? ‘काल.’

मागच्या वर्षीचं मनोगत जपून ठेवा. ‘सर्वांगीण विकास’, ‘जागतिक दर्जा’, ‘उत्कृष्टतेकडे वाटचाल’ हे डबे आहेत, फक्त इंजिन बदलायचं. एकदा मी इंजिनही बदललं नाही. साल तेवढं बदललं. ते वाचून फोन करणारा माणूस एकच निघाला, आमचा डीटीपी ऑपरेटर. ‘सर, हे मी मागच्या वर्षी लावलंय,’ म्हणाला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक परिच्छेदात आलं पाहिजे. वृक्षारोपणाच्या संदेशातही.

शुद्धलेखनाचा हट्ट धरू नका. मी धरला होता. साहेबांच्या दारावरच्या पाटीत ‘कुलगुरु’ आहे, लेटरहेडवर ‘कुलगुरू’. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, असे मोजून १८. त्यांत सरळ लिहिलंय की असा शब्द एकटा आला तर शेवटी दीर्घ, समासात आधी आला तर ऱ्हस्व. म्हणून कुलगुरू, पण कुलगुरुपद. तशी टिपणी केली. तीन आठवड्यांनी ती परत आली. कागदाच्या समासावर शेरा होता, ‘खर्चाचा अंदाज जोडा’. पाटी पितळेची आहे ना.

हल्ली एक नवी सोय झालीय. इंग्रजी मसुदा यंत्रात टाकायचा आणि निघेल ते मराठी म्हणून छापायचं. या यंत्रांवर हिंदीचे संस्कार दांडगे. हिंदीत व्हाइस चान्सलरला सहसा कुलपति म्हणतात, आपल्याकडे कुलपती म्हणजे चान्सलर. त्यामुळे एका सकाळी निमंत्रणपत्रिकेत आमचे कुलगुरू परस्पर कुलपती झाले. आमचे खरे कुलपती म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. पत्रिका त्यांच्याही घरी गेली होती. पुढचे दोन दिवस कसे गेले ते विचारू नका. एवढंच सांगतो, बाकी कुणाचं मराठी कच्चं असलं तरी या एका शब्दापुरतं दोघांचंही पक्कं आहे.

भाषण १२ मिनिटांचं असेल तर मिनिटाला शंभर धरून १२०० शब्द लिहा. साहेब ४० मिनिटं बोलतील. त्यातले तुमचे शब्द ‘नमस्कार’ आणि ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’.

फॉन्टबद्दल बोलायचं टाळतोय, पण बोलावं लागेल. आपण युनिकोडमध्ये टाइप करतो, वागळे इस्टेटमधला प्रेसवाला अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये लावतो. मजकूर एकातून दुसऱ्यात नेला की ‘दुसऱ्या’ आणि ‘ऱ्हास’मधला अर्धा र हमखास मरतो. त्याच्या जागी चौकोन येतो. म्हणून पीडीएफ झाल्यावर पुन्हा एकदा प्रूफ वाचायचं असतं, निदान नावं तरी. मात्र ‘साहेबांनी फायनल केलंय, आता हात लावायचा नाही’ असा निरोप आला की प्रूफ वाचणं म्हणजे अवज्ञा. अवज्ञा करू नका.

आता मंजुरी. खरं कौशल्य इथेच लागतं. मजकूर तुम्ही लिहिलात म्हणजे तो कच्चा माल झाला. त्यावर कुलसचिव, मनुष्यबळ विभाग, गुणवत्ता कक्ष, जनसंपर्क आणि पीए यांचे संस्कार व्हायचे असतात. उदाहरण देतो. स्मरणिकेच्या ४७ व्या पानावर एक श्रद्धांजली आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले आमचे परिचर मार्चमध्ये गेले. मी सात वाक्यं लिहिली होती. ते ३१ वर्षं इथे होते. पहिल्या वर्षाच्या पोरांना ब्युरेट कसं धरायचं ते त्यांनी शिकवलं, प्राध्यापक नंतर यायचे. आणि २६ जुलै २००५ च्या रात्री, जेव्हा आपलं नुसतं कॉलेज होतं, पावसात अडकलेल्या मुलांना त्यांनी प्रयोगशाळा उघडून दिली, बन्सन बर्नरवर पातेलं ठेवून चहा पाजला आणि पहाटेपर्यंत जागले. त्या मुलांतली दोघं आज इथेच शिकवतात.

कुलसचिवांनी चहा काढला. प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ, विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या नॅकची टीम वाचेल, सुरक्षा नियमांचा भंग दिसतो. मनुष्यबळ विभागाने ३१ वर्षं काढली. कारण पहिली ११ वर्षं ते कंत्राटी होते, आणि आपणच छापून दिलं तर घरचे उद्या थकबाकी मागतील. ब्युरेट गुणवत्ता कक्षाने काढलं, कारण त्यातून शिक्षकांची अनुपस्थिती ध्वनित होते. (ध्वनित! इतकं बारीक वाचन यांनी माझ्या कुठल्याच मजकुराचं केलं नव्हतं.) २६ जुलै कुणी काढला ते कळलंच नाही. फाइल परत आली तेव्हा तो नव्हता. मग उरलेल्या जागेत जनसंपर्काने ‘माननीय कुलगुरूंच्या दूरदर्शी नेतृत्वाखाली समर्पित भावनेने कार्यरत असलेल्या विद्यापीठ परिवारातील एक सदस्य’ असं घातलं, आणि पीएने फोटो घातला. साहेबांचा. वृक्षारोपणाचा.

छापलेला मजकूर मी मोजला. साहेबांचं नाव ४ वेळा. गेलेल्या माणसाचं एकदा. त्यांच्या आडनावात अर्धा र आहे. होता. आता तिथे चौकोन आहे.

त्यांच्या बायकोला स्मरणिकेची प्रत द्यायला मला पाठवलं होतं, दिघ्याला. लिहिणाऱ्यानेच द्यावी असं ठरलं म्हणे. त्यांना वाचायला येतं. चष्मा लावून त्यांनी ते पान वाचलं, बोट ठेवून. चौकोनापाशी बोट थांबलं. त्या काही बोलल्या नाहीत. मला चहा दिला.

इथून पुढे सूचना नाहीत.

अहो, पाच जणांनी सह्या केल्यात त्या कागदावर. पाच. तुमच्यापैकी तिघं त्या माणसाला ओळखत होतात. त्याच्या हातचा चहा पीत होतात. मेलेल्या माणसाच्या सात ओळींत तुम्हाला नॅक दिसलं, थकबाकी दिसली, फोटोला जागा दिसली, आणि त्याचं नाव चुकलंय हे एकालाही दिसलं नाही? की वाचलंच नाहीत? न वाचता सही करायची होती तर माझ्या मूळ कागदावर का नाही केलीत? वाचून दुरुस्त केलंत म्हणाल, तर चौकोनासकट केलंत. दोन्हीकडून लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे. आणि मीही सुटत नाही. प्रेसला जाऊन शेवटचं प्रूफ मी वाचायला हवं होतं. ‘हात लावायचा नाही’ म्हणालात आणि मी गाडी पकडून घरी गेलो.

स्मरणिकेच्या २०० प्रती गोदामात अजून वाटायच्या आहेत. त्यात चिकटवायच्या शुद्धिपत्राची टिपणी सोमवारी दिली आहे. चार ओळींची आहे. पहिल्या ओळीत त्यांचं पूर्ण नाव आहे. दुसरीत ३१ वर्षं आहेत. तिसरीत चहा आहे, चौथीत २६ जुलै. वाचा आणि सही करा. दुरुस्त करू नका.