नोटीस कोणासाठी भरायची?

दादा, नोकरी सोडताना राजीनाम्यानंतरचे नोटीसचे नव्वद दिवस पूर्ण करूनच निघा, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "कंपनी माणसाला एका दिवसात घरी बसवते, मग आपण नव्वद दिवस कशाला झिजायचं? हा गुलामीचा सल्ला आहे," असं तुम्ही लिहिलंत. राग खरा आहे. नव्वद दिवस जास्तच होतात, हेही मान्य. आणि तुम्हाला बांधून कोणीच ठेवू शकत नाही. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टनुसार कोर्टसुद्धा माणसाला जबरदस्तीने नोकरी करायला लावत नाही. फार तर कंपनी नोटीसच्या बदल्यात पैसे मागेल.

पण मी नोटीसचे दिवस भरले ते मालकासाठी नाही. कोकणातल्या लोटे एमआयडीसीत आमच्या केमिकल प्लांटमधला एक ऑपरेटर ऐन गणपतीत न सांगता गेला. फोन बंद. मालकाचं काही अडलं नाही, अडलं माझं. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला येऊन मला सोडवणारा माणूस नाही, म्हणून सलग सोळा तास ड्युटी. घरी बायकोचा लग्नानंतरचा पहिला ओवसा (गौरीपुढे सूप ओवसण्याचा मान) होता आणि मी रिअ‍ॅक्टरसमोर उभा. ते अजून विसरलेलो नाही.

म्हणून माझी वेळ आली तेव्हा शेवटचे तीन आठवडे मी नव्या पोराबरोबर रात्रपाळी मागून घेतली. तीन नंबरच्या रिअ‍ॅक्टरचा कूलिंगचा व्हॉल्व्ह पावसाळ्यात अर्ध्यावर अडकतो. जोर लावला तर स्पिंडल वाकतो. आधी किंचित मागे घ्यायचा, मग उघडायचा. हे कुठल्याच एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, लिहिलेलं नाही. त्याच्या हाताला ते बसेपर्यंत मला निघवेना.

माझाही फायदा झालाच. राजीनामा दिला तेव्हा ४ वर्षं १० महिने झाले होते. नोटीसचे दिवस नोकरीतच धरतात, त्यामुळे ५ वर्षं पूर्ण झाली आणि ग्रॅच्युइटीवर (पाच वर्षांच्या नोकरीनंतर मिळणाऱ्या एकरकमी पैशावर) वादाला जागा उरली नाही. बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) महिना २६,००० असेल तर दर वर्षाचे १५,००० होतात, पाच वर्षांचे ७५,०००.

नवी कंपनी थांबत नसेल तर बायआऊट करा, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून मोकळे व्हा, त्यात कमीपणा नाही. फक्त राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) हातात घेतल्याशिवाय गेट सोडू नका. आणि आज घरी गेल्यावर अपॉइंटमेंट लेटर काढून बघा: नोटीसच्या बदल्यात बेसिक भरायचं लिहिलंय की ग्रॉस, म्हणजे भत्त्यांसकट पूर्ण पगार? तुमच्या खिशातून किती जाणार ते त्या एका शब्दावर आहे.