"सायबर सिक्युरिटी आयटीवाले बघतील" म्हणे!

सहकारी बँकांच्या संचालकांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय: "सायबर सिक्युरिटी आयटीचा विषय आहे. भारी फायरवॉल घ्या, बाकी वेंडरवर सोडा, वर्षातून एकदा ऑडिट करा. आणि छोट्या बँकेच्या वाटेला कोण हॅकर जातोय!"

आधी आयटीचं बघू. पुण्याची कॉसमॉस बँक आठवा, ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएम आणि बँकेची सिस्टीम जोडणारा जो सर्व्हर असतो (एटीएम स्विच), तिथे हॅकर्सनी मध्येच स्वतःचा खोटा स्विच घुसवला, म्हणजे कार्ड घातलं की खात्यात पैसे आहेत का हे बँकेच्या सिस्टीमला कोणी विचारतच नव्हतं, तो खोटा स्विचच "हो हो, द्या" म्हणत होता, आणि काही तासांत २८ देशांतून पैसे निघाले. सोमवारी स्विफ्टवरून (परदेशी बँकांना पैसे पाठवायचे मेसेज जातात ते नेटवर्क) जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले ते वेगळेच. एकूण ९४ कोटी. आता असं काही शनिवारी दुपारी दिसलं तर सगळी एटीएम बंद करायची ऑर्डर कोण देणार? सिस्टीम अ‍ॅडमिन? तो बिचारा साहेबांना फोन लावत बसेल. हा अधिकार कोणाला, ते आधीच लिहून ठेवावं लागतं आणि ते बोर्डाचं काम आहे. रिझर्व्ह बँकेने व्यावसायिक बँकांना २०१६ लाच सांगितलेलं, सायबर पॉलिसी आयटी पॉलिसीपेक्षा वेगळी हवी, बोर्डाने मंजूर केलेली.

वेंडरचं म्हणाल तर जुलै २०२४. छोट्या बँकांची सिस्टीम सांभाळणाऱ्या सी-एज नावाच्या वेंडरवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला, एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) त्यांचं कनेक्शन तोडलं आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचं यूपीआय-एटीएम अडकलं. घोळ वेंडरकडे, शिव्या काउंटरवरच्या क्लार्कला. "छोट्या बँकेला कोण विचारतो" याचं उत्तरही यातच आलं.

राहिलं ऑडिट. एका पतसंस्थेचं (नाव नको) रिस्क रजिस्टर (कोणता धोका आणि तो कोणाच्या जबाबदारीचा, याची यादी) मी बघितलंय, ऑडिटला पास झालेलं. बावीस ओळी, आणि "जबाबदार" कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत ड्रॅग करून "आयटी विभाग". विभाग म्हणजे एक पोरगा, प्रिंटरचा टोनरही तोच बदलतो. सोडून गेलेल्यांचे लॉगिन चालू आहेत, ही रिस्क त्याची कशी? कोण कधी सोडून गेलं हे त्याला कोणी सांगतच नाही! ती ओळ प्रशासनाच्या नावावर हवी, वेंडरच्या कराराची मॅनेजरच्या.

२०२२ पासून सायबर हल्ला कळल्यावर ६ तासांत सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांसाठीची केंद्र सरकारची यंत्रणा) कळवावं लागतं. रजिस्टरच्या शेवटी "इमर्जन्सी संपर्क" म्हणून एकच नंबर होता, फायरवॉल विकून गेलेल्या सेल्समनचा.